दुसरा चेंडू

शिरोलीला दिवसभर लेथ चालवतो माझा नवरा
आणि रात्री स्वतःच लेथ होतो.
आधी नुसती खरखर, बिडाला टूल लागल्यागत,
मग टूल अडकतं,
मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीला मी उठून बसतो.
अंधारात बोटं मोजतो, एक, दोन, तीन.
कधी सातला, कधी नवाला
मशीन परत चालू होतं
आणि मी उशीला डोकं टेकतो.

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या भिंती एका विटेच्या.
पलीकडनं रशिदाभाभी दोनदा ठोकते,
आणि सकाळी मोड आलेल्या मटकीच्या वाटीसंगं
तीच उपाय धाडते:
झोपताना नाकात कोमट तूप, दोन थेंब.
घातलं.
घोरणं तुपट झालं, एवढंच.

मग ओवा टाकून वाफ दिली, डोक्यावर टॉवेल.
नाकातनं कारखाना निघाला, काळा.
रुमाल बघून दोघंही गप्प.
त्या रात्री जरा बरं होतं, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातली पोरगेली डॉक्टरीण म्हणाली,
श्वास अडकतोय ते मोजत बसू नका, तपासून घ्या.
तपासलं. मशीन लागण्याइतकं नाही म्हणाली,
पण सात किलो उतरवा, रोज चाला.
चालतोय की.
रंकाळ्याला एक फेरी,
फेरीच्या शेवटी एक भेळ.
हिशोब जागच्या जागी.

रुकडीहून सासूबाई आल्या चार दिवस.
पहिल्या रात्रीच कॉटवर उठून बसल्या.
"बाबगोंडा, दिवस मावळायच्या आत जेवत होतास
तवा असला आवाज होता काय रे घरात?"
आता दुसऱ्या पाळीला कुठला दिवस आणि कुठलं मावळणं!
साडेअकराला घर, पावणेबाराला भाकरी,
बाराला आडवा.
ती भाकरी पण रात्रभर गळ्याशी येऊन घोरत असणार.
त्या काही बोलल्या नाहीत पुढं.
दुसऱ्या दिवशी दुपारीच डबा भरून त्याच्या हातात दिला.
आता साडेपाचला तो मशीन बंद करतो,
वेस्टला हात पुसतो,
खिडकीत ऊन आहे तोवर जेवतो.
सुपरवायझर पहिले दोन दिवस हसला,
तिसऱ्या दिवशी त्यानं शेंगदाण्याची चटणी मागितली.
घरी आल्यावर नुसतं गरम पाणी.

आणि चेंडू.
तो माझाच उपाय, कुणी सांगितलेला नाही.
सुप्रियाचा टेनिसचा चेंडू,
बनियनच्या पाठीला खिसा शिवून आत.
उताणा व्हायला गेला की टोचतो,
झोपेतच एक शिवी हासडतो
आणि वळतो कुशीवर.

वळतो तो माझ्याकडं.
एकोणीस वर्षं मी आवाजासंगं झोपलो,
तोंड आता बघतोय.
भुवईत ठिणगीचा डाग आहे, मसुराएवढा.
हा कधीचा?
सांगितला नव्हता, का मीच विचारला नव्हता.
सवयीनं मोजायला घेतो,
एक, दोन,
आणि दोनलाच ऊन ऊन श्वास येतो गालावर.
हळदीचा वास येतो जरा.

एवढं सगळं झालं
आणि परवा रात्री परत भिंत वाजली.
सकाळी विचारलं, आता कशाला गं ठोकतीस,
तो तर तान्ह्या पोरागत झोपायलाय!
रशिदाभाभी मटकी निवडत होती.
मान वर न करता हसली.
"व्हय, तो झोपतोय," म्हणाली.

घरात आलो तर शिलाई मशीनवर
नवाकोरा चेंडू, पोपटी, दुकानाचं लेबल तसंच,
आणि त्याच्याखाली माझा जुना गाऊन,
घडी घालून, पाठ वर.

"हे कुणाला?"
नवरा चपला शोधत होता.
"सुप्रियाला खेळायला दुसरा?"
"असू दे," म्हणाला,
दुपारचा डबा उचलला,
जिन्यात जाऊन एकटाच हसला, मला ऐकू आलं.

मी?
मी कुठं घोरतो?