उचल

त्या डिसेंबरात कॅम्पातल्या आमच्या कचेरीच्या काचांना
खळीनं काळा कागद चिकटवला होता,
आणि दुपारी तीनलाही आम्ही दिव्याखाली
लढाईच्या बेरजा करत होतो.
सावनूरबाई आकडे वाचायच्या, मी मशीनची बटणं दाबायचे.
खेचरांचा हरभरा, चार हजार सहाशे पोती.
घोंगड्या. रॉकेल. सुया, दोरा, मेणबत्त्या.
बर्फातले बूट, डाव्या पायाचे एकोणीस जास्त.
का जास्त, कुणी विचारलं नाही.

खेचर मेलं तर त्याच्या खुरावरचा नंबर यायचा
आणि किंमत, घसारा वजा करून.
माणसाचा नुसता नंबर यायचा.

दादा तेव्हा खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात.
दोन पाळ्या, हात कोपरापर्यंत पिवळे.
बसमध्ये एका बाईनं विचारलं, हळद कधी लागली?
रोज लागते, म्हणाला.
त्याच्या ओव्हरटाइमवर आमच्याकडे शिलाई मशीन आलं,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
हेही लिहिते. नाहीतर हिशेब अर्धा राहील.

जानेवारीत फाइल आली:
निजामपूरकर मुकुंद काशिनाथ, शिपाई, वय तेवीस,
राहणार तांबट आळी, कसबा पेठ.
जाताना घेतलेली उचल, तीन महिन्यांचा पगार.
पैकी भरलेले दिवस अडुसष्ट.
उरलेल्या बावीस दिवसांचे
सत्त्याऐंशी रुपये चाळीस पैसे त्याच्याकडे येणे.
नियम सरळ होता, मृत्यू असेल तर सोडून द्यायचे.
शिक्का, सही, पुढची फाइल.
घरी पत्र गेलं, छापील:
आपल्या मुलाकडील बाकी माफ करण्यात येत आहे.

आठव्या दिवशी काशिनाथ निजामपूरकर स्वतः आले.
ठोक्यांनी कान गेलेले, त्यामुळे बोलणं ओरडल्यासारखं.
"माफ म्हणजे? त्यानं काय गुन्हा केला?"
सावनूरबाईंनी उठून स्टूल दिलं. ते बसले नाहीत.
टेबलावर रुमाल सोडला, नोटा आणि चिल्लर.
मी समजावलं, मलाही ओरडावं लागलं,
सगळी खोली पेन थांबवून ऐकत होती.

"तांबं मिळत नाही, बाई. सगळं गोळ्यांना जातं.
वर्षभर लोकांच्या जुन्या बंबांना ठिगळं मारतोय.
हे त्यातलेच आहेत.
पोराच्या नावापुढं बाकी नको."

आणि पावती मागितली.

रिकामी खोकी विकून आलेल्या पैशाला खातं होतं.
भंगाराला होतं, फाटक्या तंबूंना होतं,
मेलेल्या खेचराच्या कातड्यालासुद्धा.
याला नव्हतं.
साहेब हळूच म्हणाले, पाठवून द्या त्यांना घरी.
मी पावती फाडली. 'किरकोळ जमा' लिहिलं.
त्यांनी तिची चौघडी करून टोपीत ठेवली.
मग जाता जाता माझा पितळी डबा हातात घेतला,
झाकणाला पोचा होता, त्यावरून अंगठा फिरवला.
"आणा कधी आळीत. पाच मिनिटांचं काम आहे."

मार्चमध्ये तपासनीस बसले.
आक्षेप क्रमांक चौदा:
रुपये सत्त्याऐंशी, पैसे चाळीस.
कोणाकडून, कशाबद्दल, कोणत्या आधाराने?
खुलासा तीस शब्दांत करावा.

मी बरेच कागद फाडले.
बाप लिहिलं की कशाबद्दल लिहिता येईना,
कशाबद्दल लिहायला घेतलं
की तीस शब्द तांब्यातच संपायचे.

लढाई चौदा दिवसांत संपली होती.
चौदा नंबर मात्र दर मार्चला
पुढच्या वहीत ओढला गेला, माझ्याच अक्षरात,
मी निवृत्त होईपर्यंत. पुढं कुणी ओढला, ठाऊक नाही.
एरवी त्या वर्षाची बेरीज पैशापर्यंत जुळली.
ते सत्त्याऐंशी चाळीस धरून जुळली.

आळीत मी गेले नाही.
मंडईतून येताना ठोके ऐकू यायचे,
मी पलीकडच्या बोळातून घर गाठायचे.
डबा अजून आहे.
झाकण काढताना पोचा बरोबर अंगठ्याखाली येतो.