तू हाल

झोळीचा हूक अजून तुळईतच आहे.
दस्तगीर मिस्त्री म्हणाले, असू दे,
उद्या पंख्याला होईल.
रविवारी टेम्पोतून त्यांनी कॉट आणली,
बाभळीच्या पायांची, तीन बाजूंना कठडा,
चौथी बाजू उघडी.
पोरगं उतरायला शिकलं पाहिजे नव्हं, म्हणाले,
आणि चहा बशीत ओतून घेतला.

समरजितला अडीच वर्षं झाली.
नाव घोड्यावर बसलेलं, गुडघे झोळीबाहेर.
मागच्या आठवड्यात साडी टर्रकन फाटली,
तो पोत्यातल्या बटाट्यासारखा गादीवर आला
आणि रडायच्या आधी
बराच वेळ वर बघत राहिला,
कुणी टाकलं म्हणून.

पहिल्या रात्री त्यानं कॉटवर पाव्हणे जमवले:
माझं हेल्मेट, लाटणं,
आईची एकच चप्पल, डावी,
तीन चाकांचा ट्रक.
सगळ्यांना पांघरूण घातलं
आणि स्वतः खाली येऊन
आमच्या चटईवर मधोमध झोपला.

दुसऱ्या रात्री सारिकानं वाकळ अंथरली.
झोळीच्या फाटक्या साडीचा हिरवा तुकडा
तिनं मधोमध शिवला होता.
त्यानं नाक लावलं, ओळखलं, हसला,
आम्ही दिवा घालवला.
अंधारात थोड्या वेळानं आवाज:
पप्पा, ही हालंना.

खरंच की.
बावड्यात हंगामात सगळंच हलतं रात्री,
उसाच्या गाड्या, त्यांच्यामागं मांडणीतल्या कपबश्या,
कारखान्याचा भोंगा झाला की खिडकीची काच.
एकटी ही कॉटच काय ती हलत नाही.
मी मिस्त्रींना फोन केला,
एखादा सांधा ढिला करता येईल का?
ते पोट धरून हसले.
चाळीस वर्षं घट्ट करण्यात गेली, म्हणाले.

मी शिरोलीला फाउंड्रीत असतो.
तिथं नियम एकच:
रस गार होईस्तोवर साच्याला हात लावायचा नाही,
हलला की माल चिरतो.
घरी हा उलटा रस,
हलवल्याशिवाय घट्टच होत नाही.

तिसऱ्या रात्री काय केलं ते सांगत नाही.
थोडं ओरडलो.
सारिका दोन तास बोलली नाही.

चौथ्या रात्री खिळ्यावरची झोळीची दोरी
त्यानंच ओढून काढली.
एक टोक मुठीत धरून कॉटवर चढला, पोटावर, बेडकासारखा.
दुसऱ्या टोकाला गाठ मारता येईना,
म्हणून परत उतरला
आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला
गुंडाळलं, गुंडाळलं, संपेपर्यंत.
पुन्हा वर चढला. ओढलं.
माझा पाय उचलला गेला.
तू हाल, म्हणाला.

मी हाललो.
चटईवर उताणा, डावीकडं, उजवीकडं,
दुसऱ्या पाळीवरनं आलेला एकोणनव्वद किलोचा बाप,
आणि वर तो
मी इतकी वर्षं ओढत आलो
त्याच तालात ओढतोय,
मध्येच जोजो म्हणतोय, स्वतःला नाही, मला.
आधी कोण झोपलं
हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी अंगठ्यावर लाल वळ.
तो कॉटवर आडवा, तोंड उघडं,
एक पाय उघड्या बाजूनं बाहेर लोंबतोय,
दोरीचं टोक हेल्मेटमध्ये.
तीन वाजता उठून बसला होता, सारिका म्हणाली,
दोनदा ओढलं,
तुम्ही 'हं' केलंत,
मग पडला परत.
मला तो 'हं' आठवत नाही.

आठ-दहा दिवस असं चाललं.
मोजे घालताना वळ दुखायचा,
पाळीवरच्या पोरांनी विचारलं,
सांगितलं, वहाण चावली.

काल त्यानं दोरी मागितली नाही.
ट्रकला थोपटता थोपटता झोपून गेला.
मी अंगठा कॉटकडं करून
तसाच पडून राहिलो,
मळीचा वास येत होता,
बाराचा भोंगा झाला, काच हलली.

आज मिस्त्री भेटले भाजी मंडईत.
पंखा बसवला का, विचारलं.
म्हटलं, बघू.
उन्हाळा लांब आहे अजून.