सहावं गाणं

मोनल खोब्रागडेचा अल्बम
बर्डीतल्या दुकानात सकाळपासून चालू.
नऊ गाणी, ठोका एकच.
पुढची ओळ तिच्या आधी माझ्या तोंडात:
रात्र, डोळे, पुन्हा रात्र.

वाईट नाही.
कूलरच्या मोटारीशी बरं जुळतं,
स्क्रीनगार्ड चिकटवताना
टाच आपोआप हलते
आणि बुडबुडा राहत नाही.

मुंबईची का? गिऱ्हाईक विचारतं.
असंल, म्हणतो मी. कुठलीही असू शकते.

फक्त सहाव्यात, तालाच्या घाईत,
'का गेलास'च्या जागी
'काऊन गेला' निसटलंय.
कोणी पुसलं नाही.

शटर अर्धं ओढून
तेवढंच मागं नेऊन ऐकतो.
इंदोरा, नाहीतर पाचपावली.
त्या दोन शब्दांपुरती
ती खरंच
कोणाला तरी विचारते आहे.