ओहोटीचा रकाना

प्रज्वला कुबल देवगडहून फोटो पाठवते
पहाटे पाच वाजून दहाला, पाणी उतरलं की.
मी इकडे झिंगाबाई टाकळीत
कूलरच्या टाकीत पाइप सोडतो, चष्मा पुसतो
आणि मोबाइल आडवा-उभा करत बसतो.

एकतीस वर्षं आरएमएसमध्ये टपाल लावलं,
नागपूर ते इटारसी, रात्रपाळी.
पावसात फुटलेली शाई, अर्धवट पत्ते,
नुसतंच 'मु. पो. पिंपळगाव'.
आणि पिंपळगावं तर किती!
अक्षराच्या वळणावरून गाव धरायची सवय
अजून बोटांत आहे.
आता शिंपल्यांचे पत्ते लावतो.

कडेला दात आहेत का.
आतून मोतिया की मळकट.
खडकाची बाजू कोणती, सावलीची की लाटेची.
मापाला ती शेजारी रुपया ठेवते.
एकदा विसरली तेव्हा बोट ठेवलं होतं,
नखाखाली कालवं फोडताना झालेली
जुनी चीर.

समुद्र मी पाहिलेला नाही.
लपवलं नाही; कुणी विचारलं नाही, एवढंच.
आमच्याकडे चौपाटी म्हणतात ती फुटाळ्याला,
तिथे भुट्टे मिळतात.
पहिल्याच महिन्यात तिनं लिहिलं,
'आज भांग आहे, फारसं काही दिसायचं नाही.'
मी विचारलं, 'एवढ्या सकाळी?'
उत्तर यायला दोन दिवस लागले.
अष्टमीच्या सुमारास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
त्याला तिकडे भांग म्हणतात.
पुनव-अवसेला उधाण.
तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
सिलिंडरच्या तारखेशेजारी
भरती येते, ओहोटी लागते.

कुंदा म्हणते, 'काऊन बापा,
ज्या गावाला जायचं नाही
त्या गावच्या गोगलगाया मोजून राहिले?'

एकदा चुकलो.
शंकूसारखा शंख, जाळीची नक्षी.
'रिकामा आहे का? उचलू?'
मी लिहिलं, रिकामा.
चहा संपवून फोटो पुन्हा मोठा केला
तर निमुळत्या टोकाशी
एक बारीक सोंड,
डंखाची.
अकरा वेळा फोन लावला. खडकावर रेंज नाही.
कुंदा दारात उभी, काही बोलली नाही.
दुपारी प्रज्वलाचा फोन आला:
ओढणीच्या टोकाला बांधून घरी नेला होता,
बादलीत सोडल्यावर चालायला लागला.
'काही झालं नाही काका,' ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ
तिच्यामागे कुणीतरी नारळ सोलत होतं.

आरएमएसच्या डब्यात एक खण असायचा
पत्ता न लागणाऱ्या पत्रांचा.
नवी पोरं त्याला लाजायची,
अंदाजाने कुठलं तरी गाव टेकवून मोकळी व्हायची.
मी आता तो खण रोज वापरतो.
खात्री नाही. खात्री नाही. पोटाची बाजू दाखव. खात्री नाही.

मे महिन्यात गोरेवाड्याला गेलो.
तलाव मागे सरकलेला, चिखलाला भेगा,
भेगांच्या काठाने तुतवाराच्या पावलांची बारीक टीप.
उकिडवा बसलो, गुडघे बोलले.
बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय, दार लावून गप्प.
शेजारी रुपया ठेवला.
बकऱ्या वळणारा पोरगा थांबला:
'काही पडलं का काका?'
'नाही रे. पाहून राहिलो.'
तोही बसला.
एक बकरी माझी पिशवी हुंगू लागली.

तक्त्यात रकाना होता: भरती की ओहोटी.
रिकामा सोडता येत नव्हता.
मी लिहिलं, ओहोटी,
फेब्रुवारीपासून.

फोटो देवगडला पाठवला.
रात्री जेवताना उत्तर आलं:
'खात्री नाही.
नाणं फार चमकतंय, काका.
उद्या बोट ठेवून काढा.'