सुवार्ता मधाळे, काउंटर नंबर दोन

नाव सुवार्ता.
चांगली बातमी.
पप्पांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी ऐन वेळी बदललेलं,
आधी रोझी ठरलं होतं.
आता विश्रामबागेत एका लॅबमध्ये बसते
आणि सकाळी आठपासून लोकांच्या हातात पाकिटं देते.
चिकटवलेली.
आत काय आहे ते मला माहीत असतं.
"डॉक्टरांना दाखवा," एवढंच बोलायचं, असा नियम आहे.

सहाला सुटते. कानात इअरफोन.
ड्रमचे डबल पेडल, आणि गिटारी अशा
की मार्केट यार्डात कुणी हळदीची पोती
ट्रकवरून धडाधड खाली टाकतंय.
वर एक माणूस घसा फाडून ओरडतो
फिनलंडच्या भाषेत, जी मला कळत नाही.
आईला वाटतं, पोरगी वचनं ऐकते.
मी खोटं सांगितलेलं नाही. तिनं विचारलेलं नाही.
पण त्या ओरडण्याच्या आडोशालाच
मला कधी कधी प्रार्थना करता येते.
हळू आवाजात, डोळे मिटून, रांगेत उभं राहून
देवाशी बोलायचं अजून जमत नाही.

रविवारी मात्र पायपेटी.
नदीकडच्या आमच्या देवळात
महापुरात ती चार दिवस पाण्याखाली होती.
भिंतीवरची रेघ माझ्या खांद्याला लागते,
रंग देताना तेवढी सोडतात.
पेटी उन्हात वाळवली, भाता शिवला, गाळ खरवडला,
एकेक करून सूर परत आले.
खालचा सा आला नाही.
पट्टी दाबली की नुसता वारा.
तिथं पोचले की मी बोट ठेवते आणि मनात म्हणते.
सतरा घरं गातात, कुणाला पत्ता नसतो.
फक्त होवाळे आजोबा, एका कानानं ठार बहिरे,
दर वेळी बरोबर तिथंच डोळे उघडतात.

कॉलेजात विचारायचे, "तुम्ही पहिले कोण होता?"
पहिले म्हणजे किती पहिले, म्हटलं की हसायचे.
नाताळात आमच्याकडे करंज्या होतात,
त्या मात्र न विचारता खायचे.

मागच्या महिन्यात रीड काढली, रुमालात बांधली,
एसटीनं मिरजेला नेली, सतारींच्या गल्लीत.
दस्तगीरचाचांनी उजेडात धरून नखानं टिचकी मारली.
"पाण्यानं खाल्लीया गं. नवी बसंल,
पर ह्योच सूर न्हाई यायचा."
पेटीचं काम त्यांचं नव्हेच.
मांडीवर तंबोरा होता, तारेखाली सुताचा धागा सारत होते.
केसभर अलीकडे, तार मुकी.
केसभर पलीकडे, तार मुकी.
मग एका जागी काय झालं कोण जाणे,
अख्खं दुकान मधमाश्यांनी भरलं.
"ह्याला जीवा म्हनायचं," ते म्हणाले.
"सोता वाजत न्हाई. नुस्ता असतो."
पाळकसाहेबांना यावर तीन आठवडे उपदेश पुरला असता.
मी चहा प्याले आणि शेवटची गाडी पकडली.

परवा ते काउंटरवर आले.
बायकोचं पाकीट न्यायला.
सकाळीच मी ते स्क्रीनवर वाचलं होतं.
रुमालवाली पोरगी म्हणून त्यांनी ओळखलं,
माझ्या छातीवरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली.
"सु-वार्-ता. बरं नाव हाय. म्हंजी काय?"
पाकिटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं,
एक अजून माझ्या.
"निरोप," मी म्हणाले. "निरोप असा अर्थ होतो, चाचा."
सु तेवढा गिळला.
आणि नियमाप्रमाणे, डॉक्टरांना दाखवा.

त्या संध्याकाळी इअरफोन पर्समध्येच राहिले.
आयर्विन पुलापर्यंत चालत गेले.
बापा, म्हटलं,
आणि पुढचं काही सुचेना, तर तसंच राहू दिलं.

आज रविवार. रीड अजून रुमालातच आहे.
दुसऱ्या कडव्यात ती जागा आली, बोट ठेवलं,
आणि मनात म्हणायचं ते तोंडानं म्हटलं,
जरा मोठ्यानंच, थोडं उतरलेलं.
होवाळे आजोबांनी डोळे उघडले.
मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.