अल खोर, मेस नंबर चार

धर्म मला पोटाकडून कळले,
पहाटे तीनला सहरीची डाळ ढवळताना.

गुलजमान आधी खजूर, मग पाणी.
स्टोअरचे पारेख कांदा नाही, बटाटाही नाही;
त्यांची कढई मीच घासतो,
दुसऱ्या हाताला देत नाही.
दिलबहादूर तामांग दसऱ्याला कपाळभर टिळा लावतो
नि उशाशी लामाचा फोटो ठेवतो.
विचारलं तर म्हणतो, जागा आहे ना.

पौर्णिमेला सुमनसिरी पांढरा शर्ट घालतो,
दुपारनंतर ताट पालथं.
"तूपण बौद्ध? कधीपासून?"
म्हटलं, आजोबांपासून. छप्पन्न साल.
हिंगणघाटहून ट्रकनं गेले नागपूरला,
परत आले ते देव वणा नदीत सोडून मोकळे झाले.
तो बोटांवर मोजत बसला.
त्याच्याकडे दोन हजारांवर वर्षं,
माझ्याकडे एक ट्रक.

ऑगस्टात त्याची आई गेली. रजा मिळाली नाही.
सातव्या दिवशी भिक्खूंना जेवू घालायचं असतं, म्हणाला.
इथे वाळूत भिक्खू कुठला?
मग माझ्याच शेगडीवर त्यानं भात टाकला,
मलाच सतरंजीवर बसवलं.
गुलजमान आला, दिलबहादूर आला,
पारेख आपली कढई घेऊन आले.

चौदा वर्षं वाढतोय मी.
वाढून घेताना हात कुठे ठेवायचे
ते आठवेना.

रस्सा खारट झाला होता.
दुसऱ्यांदा मागितला.