दोन टेकड्या

बोट्सफ्योरच्या धक्क्यावर बोटी खोळंबल्यात.
कॉडची पेटी काट्यावर चढते,
आकडा दिसतो, पावती येत नाही.
तीन सेकंद. कधी पाच.
ऐकायला काहीच नाही, पण उणे बारात,
ओल्या हातमोज्यांत, पेटीमागे पेटी
आणि गुड्रूनचा फोन: "तुझं मशीन झोपलंय."

सगळ्यांचं बोट आइलिफकडे.
नवा प्रोग्राम त्याचा, गेल्याच महिन्यातला.
तो काही बोलत नाही,
कॉफी गार होऊ देतो.

मी त्याच्या प्रोग्रामचा माग काढायला बसते.
एकेक हाक ओळीने उमटत जाते:
उघड. लिही. लिही.
मग एकच विनवणी,
डिस्कवर खरंच उतरलं का, तेवढं सांग.
तिथे तो थांबतो. चार पूर्णांक शून्य आठ सेकंद.
थांबणाऱ्याला आम्ही आळशी म्हणत होतो.
चोर सोडून संन्याशाला.

आणखी खाली उतरते, कर्नलच्या पोटात,
जिथे विनंत्या रांग धरून असतात.
प्रत्येकीच्या कपाळावर दोन वेळा लिहिते,
निघाली कधी, परतली कधी.
वजाबाकी. या विद्येत बाकी फारसं काही नाही.

सरासरी म्हणते, जरा हळू, पण ठीक.
सरासरीने या गावातही
सूर्य रोज बारा तास असतो.
आज अकरा डिसेंबर, दुपारचे बारा,
खिडकीत निळा अंधार.

म्हणून ढीग वेगळे करते. पडद्यावर दोन टेकड्या:
एक अलीकडे, दाट, सहा मिलिसेकंदांवर,
दुसरी पार चारशेच्या पुढे.
मधे ओसाड माळ. कुणीच राहत नाही तिथे.

दुसऱ्या टेकडीच्या वेळा मांडल्या.
दर अकरा मिनिटांनी उगवते, चार मिनिटं टिकते.
माणूस दहा लिहितो, पंधरा लिहितो.
अकरा कोणी लिहीत नाही.
हे प्रोग्रामचं काम नव्हे.

खोलीत जाऊन कॅबिनेटवर तळहात टेकवला.
काही नाही.
काही नाही.
मग भिंतीपलीकडे काहीतरी खाकरलं
आणि माझ्या बोटांच्या सांध्यांत गुणगुण चढली.

ओस्बियोर्नने सोमवारी बसवलेलं बर्फाचं यंत्र!
आतल्या थाळीवर, केसाहून कमी उंचीवर,
ते इवलं डोकं आपली रेघ शोधत होतं,
हलत होतं, चुकत होतं,
थाळीच्या पुढच्या फेरीची वाट बघत होतं.

चौघांनी कॅबिनेट भिंतीपासून हातभर सरकवलं,
खाली जुन्या वाहक पट्ट्याचं रबर,
अजून माशांचा वास असलेलं.

टेकडी बसली.
सव्वादोनला एक उंचवटा आला, एकदाच, बारका.
त्याचं कारण मला माहीत नाही.
मागोवा बंद केला;
नुसतं बघत राहणंही मशीनला जड जातं.

आइलिफला सांगायला धक्क्यावर गेले.
तो केव्हाचा गुड्रूनबरोबर पेट्या उचलत होता.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
"पावत्या येतायत,"
आणि पुढची पेटी माझ्याकडे सरकवली.